बे रिज ते ब्रॉडवे : एका उत्तरभागाची कहाणी

एखादी कथा लोकांच्या मनात घर करून बसली की तिचा उत्तरभाग काढण्याचा मोह निर्मात्यांना होतो. प्रेक्षकालाही ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. चित्रपटाच्या धंद्यात या कुतूहलाचा पैसा होतो. म्हणून तेथे हा मोह अधिकच अनावर असतो. परंतु उत्तरभाग काढण्यापूर्वी मूळ कथेतील नेमके काय लोकांना भावले होते हे ओळखावे लागते. ते ओळखता आले नाही तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात आहे. १९७७ साली प्रदर्शित झालेला ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा नृत्यपट आणि १९८३ साली आलेला त्याचा उत्तरभाग ‘स्टेइंग अलाइव्ह’, ही ती जोडी. पहिल्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक कॅथोलिक कुटुंब असल्यामुळे ही कहाणी आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

या चित्रपटाचा उगम एका लेखात आहे. जून १९७६ मध्ये ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकात निक कोन या ब्रिटिश लेखकाने ब्रुकलिनमधील श्रमिक तरुणांच्या शनिवार रात्रीचे वर्णन लिहिले. आठवडाभर दुकानात वा कारखान्यात राबणारे हे तरुण त्या एका रात्री नृत्यगृहात राजे होतात, असा त्याचा आशय होता. निर्माते रॉबर्ट स्टिगवुड यांनी लेखाचे हक्क विकत घेतले. पुढे १९९० च्या दशकात कोन यांनी कबुली दिली की, लेख बव्हंशी काल्पनिक होता आणि त्यातील नायक त्यांनी लंडनमध्ये पाहिलेल्या एका तरुणावरून बेतला होता. म्हणजे मूळ दस्तऐवजच खोटा! तरीही चित्रपट खरा वाटला, कारण दिग्दर्शक जॉन बॅडम आणि पटकथाकार नॉर्मन वेक्सलर यांनी ती कथा एका खऱ्याखुऱ्या वस्तीत नेऊन रुजवली.

ती वस्ती म्हणजे ब्रुकलिनच्या नैर्ऋत्य टोकाची बे रिज. इटालियन, आयरिश आणि नॉर्वेजियन वंशाच्या कुटुंबांनी ती वसवली होती. १९६४ साली तेथून स्टेटन आयलंडपर्यंत व्हेराझानो-नॅरोज हा झुलता पूल उभा राहिला. त्याचा मुख्य गाळा ४,२६० फुटांचा, त्या वेळी जगात सर्वांत लांब. चित्रपटातील नायकाला या पुलाची आकडेवारी तोंडपाठ असते. पुस्तकी विद्या फारशी नसलेल्या या मुलाचे जगाविषयीचे सारे कुतूहल जणू त्या पुलावर गोळा झालेले आहे. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. त्याची झळ या घरातही दिसते : बांधकामावर राबणारा बाप बेकार बसलेला, आणि एकोणीस वर्षांचा टोनी मनेरो रंगाच्या दुकानात नोकरीला. मुलाला थोडी पगारवाढ मिळते तेव्हा बाप तिची टर उडवतो. पगारवाढ किती यापेक्षा बापाच्या तोंडून कौतुक निघत नाही, हे टोनीला अधिक बोचते.

या घराचा खरा अभिमान टोनी नव्हे, त्याचा थोरला भाऊ फ्रँक आहे. फ्रँक धर्मगुरू आहे. ‘फादर फ्रँक’ असा उच्चार होताच आई क्रुसाची खूण करते. एके दिवशी हा फ्रँक गुरुपद सोडून घरी येतो आणि घरावर आभाळ कोसळते. या प्रसंगामागे त्या काळचा इतिहास आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतरच्या (१९६२–६५) दीड दशकात अमेरिकेत हजारो धर्मगुरूंनी गुरुपदाचा त्याग केला होता. त्या काळच्या किती कॅथोलिक घरांत ही वेदना मुक्याने सोसली गेली असेल! फ्रँक आपल्या धाकट्या भावाला जे सांगतो त्याचा मथितार्थ असा की, त्याचा खरा विश्वास होता तो आईवडिलांच्या मनातील ‘धर्मगुरू मुलगा’ या प्रतिमेवर. ती प्रतिमा विरली तेव्हा हाती काही उरले नाही. सेमिनरीत अनेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे शब्द सहज बाजूला सारता येत नाहीत. देवाची हाक आणि आईबापाची हौस यांतील भेद ओळखणे किती अवघड, हे सेमिनरीतील प्रत्येकाला ठाऊक असते. फ्रँकची गळपट्टी टोनीच्या हाती येते आणि तो ती आरशासमोर गळ्याला लावून पाहतो. नृत्यपटात असे दृश्य असावे, यातच त्याचे वेगळेपण आहे.

टोनीच्या टोळक्यात बॉबी नावाचा एक भित्रा मुलगा आहे. त्याच्यामुळे एक मुलगी गरोदर राहिली आहे, आणि काय करावे हे त्याला उमगत नाही. नृत्यगृहाच्या गोंगाटात तो फ्रँकला विचारतो की, पोपमहोदयांकडून गर्भपाताची परवानगी मिळेल का? त्याला सल्ला देणारे कोणी नाही. मित्रांना त्याचे ऐकायला वेळ नाही. अखेर तो त्याच पुलावर चढतो, नको ती धाडसे करतो आणि खाली कोसळतो. ती आत्महत्या की अपघात, हे चित्रपट सांगत नाही.

या साऱ्यांच्या मधोमध नृत्य आहे. जॉन ट्रॅव्होल्टा यांनी नृत्यासाठी महिनोन्महिने मेहनत घेतली होती. आपले एकट्याचे नृत्य संकलनात तुकडे करून दाखवलेले पाहून ते संतापले आणि डोक्यापासून पायांपर्यंत संपूर्ण देह दिसेल अशीच जोडणी व्हावी, असा हट्ट त्यांनी धरला. म्हणून आजही ते दृश्य पाहताना आपण एका माणसाला नाचताना पाहतो, आणि भोवती उभे असलेले त्याचे शेजारीपाजारीही. तो सुप्रसिद्ध पांढरा सूटसुद्धा दुकानातून तयार विकत घेतलेला, पॉलिएस्टरचा. शेवटच्या स्पर्धेत पहिले बक्षीस टोनीला मिळते. पण पोर्तो रिकन जोडपे अधिक चांगले नाचले आणि केवळ आपण इथले म्हणून पंचांनी आपल्याला निवडले, हे कळून तो बक्षीस त्या जोडप्याला देऊन टाकतो. नृत्यपटाचा नायक विजय नाकारतो! त्याच रात्री बॉबीचा मृत्यू होतो. टोनी रात्रभर भुयारी रेल्वेत बसून राहतो आणि सकाळी मॅनहॅटनमध्ये स्टेफनी या आपल्या नृत्यसहचारिणीच्या दारी जातो. पुढे कसे जगावे, हा प्रश्न उघडा ठेवून चित्रपट संपतो.

हा चित्रपट कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यातील भाषा शिवराळ आहे आणि स्त्रियांशी होणारे वर्तन किळस आणणारे आहे. १९७९ साली निर्मात्यांनीच त्याची सौम्य आवृत्ती काढली. परंतु तो पाप लपवत नाही आणि पापाचे मोल कोणाला मोजावे लागते तेही लपवत नाही.

त्याला मिळालेले यश अफाट होते. बी जीज बंधूंच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९७८ साली अमेरिकेत सलग २४ आठवडे अग्रस्थानी राहिली. ट्रॅव्होल्टा यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मग लाट ओसरली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडवण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. अमेरिकेने डिस्कोला मूठमाती दिली, तेव्हा आपल्या मुंबईत मात्र १९८० चा ‘कुर्बानी’ आणि १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ यांतून तो नव्याने जन्म घेत होता.

अशा वेळी उत्तरभागाची जुळवाजुळव झाली. दिग्दर्शनाची धुरा सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्याकडे आली. वेक्सलर यांच्याबरोबर पटकथाही त्यांनी लिहिली. यात एक योगायोग आहे. पहिल्या चित्रपटात टोनीच्या खोलीतील भिंतीवर स्टॅलोन यांच्या ‘रॉकी’चे भित्तिचित्र लावलेले दिसते. सहा वर्षांनी भिंतीवरचा तो नायक खाली उतरला आणि टोनीचे भवितव्य लिहू लागला. परंतु १९७६ चा ‘रॉकी’ शेवटी गुणांवर हरतो आणि तरीही माणूस म्हणून उभा राहतो. १९७९ आणि १९८२ च्या पुढील भागांत मात्र तो जिंकतो. टोनीच्या वाट्याला हा दुसरा, जिंकणारा साचा आला : आधी अपमान, मग घाम गाळणे, शेवटी जयघोष.

‘स्टेइंग अलाइव्ह’ १५ जुलै १९८३ रोजी प्रदर्शित झाला. टोनी आता मॅनहॅटनमध्ये एकटा राहतो, नृत्य शिकवतो, एका क्लबमध्ये वेटरचे काम करतो आणि ब्रॉडवेवरील नाटकांत संधी शोधतो. जॅकी ही त्याच्यावर जीव लावणारी साधी नर्तिका आणि लॉरा ही श्रीमंत, मानी नर्तिका, यांच्यामध्ये तो हेलकावे खातो. बे रिजची टोळी नाही, बॉबीची आठवण नाही, बाप पडद्यावर येत नाही. आणि फ्रँक? गुरुपद सोडून गेलेल्या त्या भावाचे पुढे काय झाले? ज्या प्रश्नासाठी खरोखर उत्तरभाग हवा होता, तोच कोणी विचारला नाही.

जुन्या घरातून उरते ती केवळ आई. टोनी तिला भेटायला जातो आणि आपल्या पूर्वीच्या वागण्याबद्दल क्षमा मागतो. चित्रपटात एवढा एकच क्षण असा आहे की जेथे पहिल्या कथेचा धागा पुन्हा हाती येऊ शकला असता. पण आई त्याला समजावते की, त्याच्या त्या स्वभावामुळेच तर तो या वस्तीतून बाहेर पडू शकला! टोनीला हायसे वाटते. क्षमा मागायला गेलेला मुलगा शाबासकी घेऊन परततो. जिने थोरल्या मुलाच्या नावापुढे क्रुसाची खूण केली, तीच आई आता धाकट्याच्या स्वार्थाला आशीर्वाद देते. मला वाटते, उत्तरभाग फसला तो या ठिकाणी. धूर, प्रकाशझोत आणि कर्कश वाद्ये हे दोष नंतरचे.

अर्थात तेही आहेत. शेवटच्या ‘सेटन्स अ‍ॅली’ या नाटकातील नाटकात टोनी नरकात उतरून स्वर्गाकडे चढत जातो. स्वर्ग आणि नरक दोन्ही आहेत. पण कोणाचे पाप, कोणाची मुक्ती, याचा पत्ता नाही. देह व्यायामाने घडवलेला, पण पडद्यावर तो तुकड्यातुकड्यांत दिसतो. मंदगती, धूर आणि निकटदृश्ये यांत नृत्य हरवते. ठरलेली नृत्यरचना मोडून टोनी एकट्याने झेप घेतो आणि प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात. पहिल्या चित्रपटात त्याने दुसऱ्याचा हक्क ओळखून विजय सोडला होता. येथे तो सहकाऱ्यांना मागे टाकून विजय मिळवतो.

समीक्षकांनी चित्रपटाला झोडपून काढले. तिकिटे मात्र खपली : अमेरिकेतच सुमारे साडेसहा कोटी डॉलरचे उत्पन्न झाले. म्हणून याला धंद्यातले अपयश म्हणता येणार नाही. पण लोकांनी पाहिले आणि विसरून गेले. २००६ साली ‘एंटरटेन्मेंट वीकली’ या नियतकालिकाने सर्वांत वाईट उत्तरभागांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. उलट २०१० साली मूळ चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. ट्रॅव्होल्टा यांनाही पुन्हा मान मिळण्यासाठी १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’पर्यंत वाट पाहावी लागली.

या इतिहासातून आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी घेण्यासारखे काही आहे. आपल्या मुलामुलींमध्ये गाणारे, नाचणारे, अभिनय करणारे पुष्कळ आहेत. ते घराबाहेर, गावाबाहेर पडणार आणि पडावेतही. रंगाच्या दुकानातच आयुष्य काढावे असे टोनीला कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या नृत्याला अर्थ आला होता तो बेकार बाप, दुखावलेली आई, वाट चुकलेला भाऊ आणि हाक मारूनही ज्याला कोणी उत्तर दिले नाही तो मित्र, यांच्यामुळे. ही माणसे पुसली की मंच उरतो, माणूस उरत नाही. म्हणून घरी परतलेला मुलगा यशाची बातमी घेऊन आला तर तिचे कौतुक करावे. टोनीच्या बापाने केले नाही तसे मात्र करू नये. आणि तो एखादे दिवशी क्षमा मागायला आला, तर आईवडिलांनी त्याला ती मागू द्यावी. त्याच्या चुकीलाच गुण ठरवून त्याला मोकळ्या हातांनी परत पाठवू नये.