चिलखताविना सेनापती

जुन्या काळातल्या सरदाराचे चित्र म्हटले, की डोळ्यांपुढे चिलखत येते. युरोपात तशी रीतच होती. १५४७ ची लढाई जिंकलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सला तिशियन या चित्रकाराने पुढच्याच वर्षी घोड्यावर, पोलादी चिलखतात रंगवले. साधारण त्याच सुमारास इथिओपियात एक मूल जन्मले. गुलाम म्हणून विकले जात जात ते दख्खनमध्ये आले आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाले. तो मलिक अंबर.

जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. बादशहाचा संताप एका चित्रात उतरला आहे. सुमारे १६१६ मध्ये दरबारी चित्रकार अबुल हसनने ते काढले. भाल्यावर अंबरचे छाटलेले मुंडके आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर! आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी वारला.

त्याच दरबारातल्या हाशिमनेही अंबरला रंगवले. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात अंबर पांढऱ्या जाम्यात उभा आहे. जवळ तलवार आहे, पण अंगावर चिलखत नाही. तरी सेनापती कोण, हे सांगावे लागत नाही. बादशहाचा इतिहासकार मुतमद खान यानेही अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची तारीफच केली.

आमच्या वर्धा जिल्ह्यात आष्टीला या संघर्षाची दुसरी बाजू भेटते. मुहम्मद खान नियाझी हा जहांगीरचा सरदार. आष्टी, आमनेर, तळेगाव आणि पुढे विनोबांमुळे सर्वांना माहीत झालेले पवनार हे परगणे त्याच्या जहागिरीत होते. त्याने आष्टी पुन्हा वसवली, भोवतालचे रान लागवडीखाली आणले. १६२७ मध्ये तो वारला. त्याचा मकबरा आष्टीत आहे. तिकडे अंबरने जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवला, खडकी शहर वसवले, तिथे नहरीने पाणी आणले. एकमेकांच्या विरुद्ध छावण्यांतले हे दोघे, पण लोकांनी त्यांना ध्यानात ठेवले ते शेत आणि पाणी यांमुळे.

म्हणून मला हाशिमचे चित्र मोलाचे वाटते. रागाने काढलेल्या चित्रात शत्रूचे नुसते मुंडके उरते. हाशिमने मात्र शत्रूचा अख्खा माणूस पाहिला. इतिहास वाचताना आपल्यालाही एवढे जमले पाहिजे.