‘जातो’चं कूळ

कोल्हापूरकडच्या मलकापुरातल्या कुठल्याही मराठी शाळेत फळ्यावर ‘मी रोज शाळेत जातो’ लिहून इंग्रजी करायला सांगा. एक तरी पोर ‘आय ॲम गोइंग टू स्कूल डेली’ म्हणणारच. बाई लाल पेनाने ‘गोइंग’ खोडतात. रोजची गोष्ट, म्हणून साधा वर्तमानकाळ. बाईंचं बरोबर आहे, पण या चुकीला घराणं आहे.

संस्कृतातलं ‘करोति’ प्राकृतातून घसरत जुन्या मराठीत ‘करी’ झालं. ज्ञानेश्वरीतला ‘करी’ म्हणजे ‘करतो’. पुढे हे रूप मागे सरकलं. आज ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे’ म्हटलं की आजी हयात नाही असंच वाटतं. त्याला आपण रीतिभूतकाळ म्हणतो. वर्तमानाच्या रिकाम्या जागेवर ‘करत’, ‘जात’ ही धातुसाधितं येऊन बसली आणि त्यांना प्रत्यय चिकटले. म्हणूनच ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ असा लिंगभेद क्रियापदात उरला. विशेषणाच्या घरातून आल्याची ती खूण. इंग्रजीच्या ‘गोज’ला मुलगा-मुलगी कळत नाही. थोडक्यात, ‘जातो’चा पणजोबा ‘गोइंग’चा भाऊबंद आहे. एवढंच काय, ‘वर्तमान’ हा शब्दही ‘वृत्’ धातूपासून झालेला, ‘चालू असलेला’ अशा अर्थाचा. काळाचं नावच चालू आहे!

‘टेन्स’ मात्र लॅटिन ‘टेम्पस’वरून, म्हणजे वेळेवरून, फ्रेंचमार्गे आला. परीक्षेतल्या टेन्शनशी त्याचं रक्ताचं नातं नाही. ते ताणण्याच्या धातूचं.

इंग्रजांकडे तरी हे सगळं आधीपासून नीट लावलेलं होतं का? हॅम्लेट वाचत असतो तेव्हा पोलोनियस त्याला ‘काय वाचताय’ असं साध्या वर्तमानकाळातच विचारतो. शेक्सपिअरच्या काळी ते चालत होतं, आज पेपरात गुण जातील. ‘ऑन हंटिंग’, म्हणजे शिकारीवर असणं, याचं ‘अ-हंटिंग’ आणि मग नुसतं ‘हंटिंग’ झालं. चालू वर्तमानकाळाच्या अनेक धाग्यांपैकी हा एक. पूर्ण वर्तमानकाळातलं ‘हॅव’ मुळात मालकीचं: माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं. मराठीत मालकी दाखवणारं असं क्रियापदच नाही, आपलं सगळं ‘आहे’वर चालतं. म्हणून ‘मला माहीत आहे’चं ‘आय ॲम नोइंग’ होतं. पोराला ‘आहे’ दिसलं, त्याने ‘ॲम’ लावलं. त्यात त्याचं काय चुकलं?

लिंडले मरे याने 1795 च्या इंग्रजी व्याकरणात सहा काळ मोजले. चालू वर्तमानकाळाला त्यांत वेगळी खोली नव्हती. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पुढे तर्खडकर हे आडनाव भाषांतर पाठमालेमुळे घरोघरी गेलं: एक ओळ मराठी, एक इंग्रजी, कित्येक पिढ्या त्यावर घासल्या गेल्या. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी एके काळी पाचवीत यायचं, 2000 पासून ते पहिलीत आलं. साध्या-अपूर्ण-पूर्ण या खणांत मराठीचे काळ बसवताना इंग्रजी व्याकरणाचा हात लागला होता, आणि मलकापूरचं पोर आता त्याच खणांतून इंग्रजी शिकतं. उसनी आणलेली वाटी परत त्याच घरी चालली आहे.

शिवाय पुस्तकातलं ‘करत आहे’ तरी या पोराच्या तोंडचं कुठे आहे? कोल्हापूरकडे विचारतात, ‘काय करालाईस?’ उत्तर येतं, ‘जेवालोय.’ मला यात ‘करायला लागलोय’ आकसून बसलेलं ऐकू येतं. ‘जेवतो’ आणि ‘जेवालोय’ यांत फरक इतका लख्ख आहे की ‘आय ईट’ आणि ‘आय ॲम ईटिंग’ शिकवायला याहून चांगलं साधन नाही. वर्गात मात्र ते अशुद्ध म्हणून दाराबाहेर ठेवतात. मला हे पटत नाही.

आंब्याचा घाट इथून जवळ, त्यामुळे आषाढात मलकापूर दिवसेंदिवस भिजत असतं. ‘सोमवारपासून पाऊस पडतोय’ याचं इंग्रजी विचारा. ‘इट इज रेनिंग सिन्स मंडे’ लिहिलं की पुन्हा लाल पेन; ‘हॅज बीन’ हवं. मराठीत काल पडलेला आणि आता पडणारा पाऊस एकाच ‘पडतोय’त मावतो. खिडकीशेजारचं पोर तेवढ्यात बाहेर बघून म्हणतं, ‘बाई, अजून पडालाय.’