‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीचा इतिहास



आज आपण एका तक्रारीचा इतिहास पाहू या. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. दुखण्यालाही इतिहास असतो, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलं नाही. ही तक्रार तुमच्या ओळखीची आहे. जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दवाखान्यात ईसीजी काढला तर तो चांगला निघतो. मग घरातले म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.” बाई गप्प बसते. दुखणं मात्र चालूच राहतं.

काळजी कुणाला नसते? लेकीची बारावी असते, पाऊस लांबलेला असतो, बचत गटाचा हप्ता भरायचा असतो. कारण सरलं की ती काळजी ओसरते. चिंताविकारात ती ओसरत नाही. समोर धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं. कुणाला महिनोन्‌महिने सगळ्याचीच चिंता लागून राहते. कुणाला अचानक असा झटका येतो की आता प्राण जातो असं वाटतं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. कुणाला चारचौघांत बोलायची, तर कुणाला गर्दीची किंवा बंद जागेची भीती बसते. मग माणूस ती जागाच टाळू लागतो. आधी बाजार सुटतो, मग एसटीचा प्रवास, मग लग्नकार्य, आणि एक दिवस उंबरठ्याबाहेरचं सगळंच सुटतं.

हे दुखणं नवीन नाही. आपल्या भाषेत त्याच्या खुणा ठायी ठायी आहेत: धसका घेणं, धास्ती बसणं, हाय खाणं, पोटात गोळा येणं. मनातली भीती शरीरात उतरते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. चरकसंहितेतल्या मनाच्या विकारांच्या यादीत शोक आणि भय यांच्या जोडीला चित्ताचा उद्वेगही आहे. आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तर मनालाच समोर बसवून 205 श्लोक सांगितले.

त्याच जालन्याशी या इतिहासाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं मनोरुग्णालय आधी हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारात सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जालन्याला हलवलं गेलं. 1953 साली ते पुन्हा हैदराबादला, एर्रागड्डा इथे नेलं. तीन वर्षांनी, 1956 मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा राज्याची मोठी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे होती. मराठवाड्यात असं एकही नव्हतं.

सुरुवात तुरुंगाच्या आवारात झाली, हे लक्षात ठेवू या. ब्रिटिश मुलखातही 1912 सालच्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ होतं आणि रुग्णाला दाखल करायला बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. जिथे उंच भिंती आणि कुलूप, तिथे नुसत्या जीव घाबरण्यासाठी कोण जाणार? अशा बाईसाठी त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. मग तिच्या वाट्याला येई ते नजर काढणं, ‘बाहेरचं’ पाहणं, नाहीतर ‘नाटकं करते’ हा शिक्का.

हा शिक्का फक्त आपल्याकडेच होता असं समजू नका. युरोपात बाईच्या अशा तक्रारींना ‘हिस्टेरिया’ म्हणत, आणि तो शब्द आला गर्भाशयासाठीच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे दोष बाईच्या बाईपणातच! उलट अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची छाती अशीच धडधडत होती, दम लागत होता, तेव्हा डॉक्टर जेकब डा कोस्टा यांनी 1871 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि या दुखण्याला हृदयाच्या नावाने ओळख मिळाली. तक्रारी बऱ्याच सारख्या. पुरुषाला हृदयाचा आजार आणि बाईला गर्भाशयाचा ठपका. पुढे 1895 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेचा आजार थकव्याच्या आजारापासून वेगळा काढला. पॅनिक अटॅकचा विकार आणि सततच्या चिंतेचा विकार यांना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नावं मिळाली ती थेट 1980 साली.

नावाइतकंच महत्त्वाचं होतं दार. 1933 साली कोलकात्याच्या एका साध्या रुग्णालयात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी मनाच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तापाचा रुग्ण जिथून जातो, त्याच फाटकातून मनाचा रुग्णही आत जाऊ लागला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी 1960 नंतरच्या काळात पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धत चिंतेच्या रुग्णांवर वापरून पाहिली आणि तिचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत छापले. आपल्या शहरात 1956 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याचं रुग्णालय म्हणजे आपली घाटी. आज तिथे मानसोपचार विभाग आहे. “घाटीत चालले” असं सांगून निघालेली बाई बीपी दाखवायला चालली की मन दाखवायला, हे गल्लीला कळत नाही. ही सोय लहान वाटते, पण ती मिळायला पिढ्या गेल्या.

त्याच सुमारास गोळ्याही आल्या. 1963 साली बाजारात आलेली डायझेपाम ही गोळी भीती लगेच शांत करत असे. पाश्चात्त्य देशांत ती बायकांना भरमसाट दिली गेली, आणि काही वर्षांनी कळलं की तिची सवय लागते. म्हणून आजही मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणू नका आणि चालू असलेली अचानक बंदही करू नका. डॉक्टर आता बहुधा वेगळी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत सोडून देऊ नका.

बोलण्याचे उपचारही याच काळात घडले. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी माणसापर्यंत ती पोहोचली ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे, त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला. 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही ती घरोघरी नेली. तिचं सूत्र सोपं आहे. छातीत धडधडलं, ही घटना. “आता अटॅक येणार,” हा विचार. त्या विचाराने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. हे चक्र विचारापाशी तोडता येतं. टाळलेल्या जागी थोडं थोडं करून परत जायला शिकवणं, हाही आजच्या उपचाराचा मोठा भाग आहे.

मराठवाड्याला भीतीचा खरा धडा मिळाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत दगडमातीच्या माळवदांखाली हजारो माणसं गेली. जी वाचली, त्यांना नंतरही घरात झोपायची धास्ती वाटे. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी तेव्हा भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास केला. ही माणसं वेडी नव्हती आणि नाटकंही करत नव्हती. गावच्या गाव घाबरलेलं होतं, म्हणून कुणी कुणाला हसलं नाही. आम्हांला वाटतं, एकट्या घाबरलेल्या बाईलाही तीच माया मिळायला हवी.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10 पैकी सुमारे 1 प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्रस्त असल्याचं आढळलं. चिंतेचे आणि ताणाचे विकार बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते. आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना होते. म्हणजे दार उघडं आहे, पण आपण अजून जुन्या भिंतीला घाबरून बाहेरच उभ्या आहोत.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणं हा हक्क केला आहे. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे, आणि विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, असं सांगितलं आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे. क्रमांक 14416, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं.

तेव्हा जीव वारंवार घाबरत असेल, तर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हृदय तपासून घ्या, कारण त्यांच्या बिघाडानेही अशीच धडधड होते. ते ठीक असेल तर “काहीच नाही” असं समजू नका. मानसोपचार विभागाचा केस पेपर काढा. छातीत दुखून घाम सुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर मात्र वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आणि घरात सासूबाई, जाऊबाई, लेक, कुणीही “जीव घाबरा होतो” म्हणाली, तर तिच्याजवळ बसा. तिला सावकाश श्वास सोडायला सांगा आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा.

पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.