परदेश-प्रवेशाच्या अटी आणि भारतीय प्रवासी (१८९७ ते १९७८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास आज पारपत्र आणि व्हिसा या दोन कागदांना सामोरे जावे लागते. एखाद्या प्राध्यापकास परदेशातील चर्चासत्राचे निमंत्रण आले, तर शोधनिबंध लिहून होण्यापूर्वीच बँकेचा खातेउतारा, नोकरीचा दाखला, रजामंजुरीचे पत्र आणि परतीच्या प्रवासाचा पुरावा यांची जुळवाजुळव सुरू होते. हे कागद इतके अंगवळणी पडले आहेत की, ते पूर्वापार चालत आलेले असावेत असा आपला समज होतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्वखर्चाने समुद्रपार जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला जहाजाच्या तिकिटाखेरीज सर्वसाधारणपणे फारसे काही लागत नसे. प्रवेशाच्या अटींची आजची व्यवस्था गेल्या सव्वाशे वर्षांत घडली असून तिच्या जडणघडणीत भारतीय प्रवाशांचा फार निकटचा संबंध आहे.

प्रस्तुत लेखात १८९७ ते १९७८ या कालखंडातील काही निवडक कायदे व न्यायनिर्णय यांच्या आधारे या घडणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, प्रवेशाची अट निःपक्षपाती शब्दांत लिहिलेली आहे एवढ्यावरून ती निःपक्षपाती ठरत नाही. अट काय आहे याबरोबरच ती कोण लावतो आणि ती पूर्ण करणे कोणाला शक्य असते, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

मुंबईहून निघालेली दोन जहाजे

१८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने भारतीय प्रजेस साम्राज्यातील इतर प्रजेप्रमाणेच वागणूक देण्याचे अभिवचन दिले होते. या अभिवचनाचा कस दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत लागला. तेथील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून गिरमिटिया मजूर नेले जात होते. त्यांच्या मागोमाग स्वखर्चाने जाणारे व्यापारी, कारकून आणि त्यांचे कुटुंबीयही तेथे स्थिरावले. मजूर हवे होते, परंतु स्पर्धा करणारा मुक्त भारतीय व्यापारी गोऱ्या वसाहतवाल्यांना नको होता.

१८९६ च्या नोव्हेंबर अखेरीस ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे मुंबई बंदरातून निघाली. दोन्हींवर मिळून सुमारे ८०० प्रवासी होते. ‘कुरलँड’वर सहकुटुंब निघालेले मोहनदास करमचंद गांधी होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जहाजे डर्बनला पोहोचली, तेव्हा मुंबईत प्लेगची साथ सुरू असल्याचे कारण देऊन प्रवाशांना उतरण्यास मनाई करण्यात आली. प्लेगची भीती खोटी नव्हती. मांडवी भागात सुरू झालेल्या त्या साथीने मुंबईत हाहाकार उडविला होता. त्यामुळे मुंबई सोडल्यापासून २३ दिवस पूर्ण होईपर्यंत प्रवाशांना अलग ठेवण्याचा आदेश वैद्यकीय दृष्ट्या समजण्यासारखा होता. परंतु ही मुदत डिसेंबरमध्येच संपूनही विलगीकरण वाढवीत नेण्यात आले. दरम्यान डर्बनमधील गोऱ्या रहिवाशांच्या सभांतून प्रवाशांना परत पाठविण्याची मागणी होत राहिली. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरले. त्याच दिवशी गांधींवर जमावाने हल्ला केला. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर मध्ये पडल्यामुळे ते बचावले.

या प्रसंगाचे महत्त्व गांधींच्या चरित्रापुरते मर्यादित नाही. आरोग्यरक्षणाचा नियम आणि लोकांना रोखण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी एकाच कागदावर कशा एकत्र येऊ शकतात, याचे हे प्रारंभीचे व स्पष्ट उदाहरण आहे.

भाषेची अट

जमाव पांगला, परंतु त्याची मागणी काही महिन्यांतच कायद्याच्या रूपाने पूर्ण झाली. १८९७ च्या नाताळ स्थलांतर निर्बंध कायद्याने प्रवेशेच्छू व्यक्तीने ठरावीक नमुन्यातील अर्ज कोणत्याही एका युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतः लिहून द्यावा, अशी अट घातली. कायद्यात भारतीय, हिंदू, मुसलमान किंवा आशियाई असा शब्द नव्हता. गुजराती, उर्दू, तमिळ वा मराठी उत्तम लिहिणारा, हिशेबात निष्णात असलेला व्यापारी या कायद्याच्या दृष्टीने निरक्षर ठरत होता. दुसरीकडे गिरमिटिया मजुरांना ही अट लागू नव्हती. त्यांची भरती पुढे १९११ पर्यंत चालू राहिली. अशिक्षितांना रोखणे हा कायद्याचा खरा हेतू असता, तर ही सवलत अनाकलनीय ठरली असती.

या युक्तीची प्रेरणा अमेरिकेतील साक्षरता-चाचणीच्या प्रस्तावांत होती. परंतु तिला साम्राज्यव्यापी मान्यता दिली ती वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी. १८९७ च्या लंडन येथील वसाहत परिषदेत त्यांनी वसाहतींच्या पंतप्रधानांना सुचविले की, वंश किंवा वर्ण यांचा उघड उल्लेख करून राणीच्या भारतीय प्रजेच्या भावना दुखवू नयेत. नाताळच्या धर्तीवर शब्दयोजना करावी. आक्षेप निर्बंधाला नव्हता, त्याच्या शब्दांना होता.

ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यात हेच सूत्र अधिक धारदार केले. अधिकाऱ्याने सांगितलेला ५० शब्दांचा उतारा उमेदवाराने एखाद्या युरोपीय भाषेत लिहून दाखवावा, असे ठरले. भाषा निवडण्याचा अधिकार उमेदवाराला नव्हता. १९०५ मध्ये ‘युरोपीय भाषा’ हे शब्द काढून ‘विहित भाषा’ असे शब्द घालण्यात आले. चाचणीचा उपयोग मात्र बदलला नाही. १९०९ नंतर ती चाचणी एकही जण उत्तीर्ण झाला नाही, यातच तिचे स्वरूप स्पष्ट होते. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या युरोपीय पत्रकारास रोखण्यासाठी स्कॉटिश गेलिक भाषेतून चाचणी घेण्यात आली. ती त्या देशाच्या उच्च न्यायालयाने अवैध ठरविली. ही चाचणी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. या व्यवस्थेत १९०४ मध्ये एक फट ठेवण्यात आली : भारतातील व्यापारी, विद्यार्थी आणि पर्यटक यांना पारपत्र असल्यास मर्यादित काळापुरता चाचणीविना प्रवेश देण्याचे मान्य झाले. प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची मुदत यांवरून प्रवाशांचे वर्ग पाडण्याची आज परिचित असलेली पद्धत येथे बीजरूपाने दिसते.

तिकिटाची अट

कॅनडाने भाषेऐवजी प्रवासमार्गाचा आधार घेतला. ज्या देशात जन्म झाला किंवा ज्याचे नागरिकत्व आहे, तेथून सलग प्रवास करून आणि तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम १९०८ मध्ये करण्यात आला. भारतातून कॅनडाला सलग जाणारी जहाजसेवा उपलब्ध नव्हती. थेट तिकिटांची विक्रीही कॅनडा सरकारने जहाज कंपनीवर दबाव आणून बंद पाडली. म्हणजे एका हाताने अट घालायची आणि दुसऱ्या हाताने ती पूर्ण करण्याचा मार्ग बंद करायचा, असा हा प्रकार होता. याच्या जोडीला भारतीयांजवळ प्रत्येकी २०० डॉलर असले पाहिजेत, अशीही अट घालण्यात आली.

या नियमास आव्हान देण्यासाठी गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतले. हाँगकाँगहून निघालेले हे जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोहोचले. त्यावरील ३७६ प्रवाशांत बहुसंख्य शीख होते. सर्व जण ब्रिटिश प्रजाजन होते आणि हाच त्यांचा मुख्य दावा होता. ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने मुन्शी सिंग यांच्या प्रकरणात तो फेटाळला. साम्राज्याचे प्रजाजनत्व वसाहतीच्या कायद्यापुढे टिकले नाही. केवळ २४ जणांना उतरू देण्यात आले. २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या धाकाखाली जहाज परत फिरविण्यात आले. २९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळील बजबज येथे झालेल्या गोळीबारात सुमारे २० प्रवासी मृत्युमुखी पडले. कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी या घटनेबद्दल १८ मे २०१६ रोजी संसदेत माफी मागितली. ज्या नियमामुळे हे घडले त्यात ‘भारतीय’ हा शब्द कोठेही नव्हता, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

बंदरावरून कचेरीकडे

येथपर्यंतची अडवणूक परक्या बंदरावर होत होती. त्यामुळे ती सर्वांना दिसत होती. तिच्यासाठी न्यायालयात जाता येत होते आणि वृत्तपत्रांतून वाद उभा करता येत होता. पहिल्या महायुद्धाने ही स्थिती बदलली. भारतीयांवर पारपत्राची सक्ती करावी, ही कॅनडाकडून पूर्वी आलेली सूचना भारत सरकारने तेव्हा स्वीकारली नव्हती. १९१७ च्या भारत संरक्षण (पारपत्र) नियमांनी मात्र भारताबाहेर जाणाऱ्यांना पारपत्र आवश्यक केले. १९२० च्या भारतीय पारपत्र कायद्याने भारतात येणाऱ्यांकडून पारपत्र मागण्याचा अधिकार सरकारला दिला. हा वसाहतकालीन कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला आणि २०२५ च्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्याने तो रद्द केला.

त्याच १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने ३२ पानी पुस्तिकेचा समान नमुना ठरविला. युद्धकालीन निर्बंध हळूहळू दूर व्हावेत अशी अपेक्षा तेव्हा व्यक्त झाली होती. ती अपेक्षा फोल ठरली. तात्पुरता उपाय कायम झाला.

या बदलाचा परिणाम दूरगामी होता. प्रवाशाला रोखण्याचे स्थान परक्या धक्क्यावरून मायदेशातील कचेरीत आले. ज्याला कागद मिळाला नाही तो जहाजावर चढलाच नाही. त्यामुळे त्याला परत पाठविण्याचा प्रसंग उद्भवला नाही आणि त्याची कहाणीही नोंदली गेली नाही. ‘कोमागाता मारू’चा इतिहास लिहिता येतो, अर्ज नाकारला गेलेल्या असंख्यांचा इतिहास लिहिणे अवघड आहे.

आजोबांची अट

स्वातंत्र्योत्तर काळात हेच सूत्र खुद्द ब्रिटनमध्ये दिसून येते. १ जुलै १९६२ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांसाठी रोजगार-परवान्यांची पद्धत आणली. १९६७-६८ मध्ये केनियातील भारतीय वंशाचे ब्रिटिश पारपत्रधारक मोठ्या संख्येने ब्रिटनकडे निघाले, तेव्हा १९६८ चा कायदा अवघ्या तीन दिवसांत संसदेत संमत करण्यात आला. त्यानुसार ब्रिटिश पारपत्रधारकाला निर्बंधांतून मुक्त राहण्यासाठी स्वतःचा, आईवडिलांपैकी अथवा आजीआजोबांपैकी एकाचा ब्रिटनमधील जन्म किंवा तत्सम नाते दाखवावे लागे. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. परंतु नैरोबीतील गुजराती दुकानदाराचे आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असण्याची शक्यता किती, हे सर्वांस ठाऊक होते. १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने पूर्व आफ्रिकी आशियाईंच्या प्रकरणात या वागणुकीत वांशिक भेदभाव असल्याचा अभिप्राय दिला. येथे पारपत्र असूनही ते देणाऱ्या देशातच प्रवेश मिळत नव्हता.

भारतीय न्यायालयांची भूमिका

पारपत्र ही सरकारची मेहेरबानी की नागरिकाचा हक्क, हा प्रश्न स्वतंत्र भारतातही अनिर्णित होता. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात समाविष्ट आहे आणि कायद्याच्या आधाराविना पारपत्र नाकारता येत नाही. याचाच परिणाम म्हणून त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. पुढे मनेका गांधी यांचे पारपत्र १९७७ मध्ये ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त करण्यात आले व कारणे देण्यास नकार देण्यात आला. २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे.

या निर्णयांची मर्यादाही नमूद केली पाहिजे. भारतीय न्यायालय निघण्याचा हक्क देऊ शकते; पोहोचण्याचा नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १३ व्या कलमातही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क आहे. परक्या देशात प्रवेश करण्याचा हक्क नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. भाषा, तिकीट, रोख रक्कम आणि वंशावळ या अटी एकमेकींपासून भिन्न दिसल्या, तरी त्यांचे कार्य समान होते. नाव न घेता निवड करणे हे ते कार्य होय.

२. प्रत्येक अटीला काही ना काही वाजवी कारण देता येत होते. प्लेग खरा होता आणि निर्वाहाची साधने तपासणेही गैर नाही. म्हणून अटींचे मूल्यमापन कारणावर न थांबता त्यांच्या अंमलबजावणीपर्यंत गेले पाहिजे.

३. नियंत्रण बंदरावरून कचेरीत आल्यामुळे प्रवास अधिक सुव्यवस्थित झाला, परंतु नकार अदृश्य झाला.

४. कारण देण्याचे बंधन हा मनमानीवरील सर्वांत परिणामकारक उपाय असल्याचे १९७८ च्या निर्णयावरून दिसते. परक्या देशाच्या प्रवेश-अटींना मात्र असे बंधन घालण्याचे साधन प्रवाशाच्या हाती नाही.

प्रत्येक राष्ट्रास आपल्या सीमांचे नियमन करण्याचा अधिकार आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, आपले विद्यार्थी आणि सहकारी व्हिसाचा अर्ज भरतात तेव्हा त्यांच्यापुढील प्रत्येक रकान्यामागे एक इतिहास उभा असतो. ती अट पूर्ण करता न येणे ही त्यांची वैयक्तिक उणीवच असेल असे नाही. १८९७ साली डर्बनच्या धक्क्यावर ‘निरक्षर’ ठरू शकणारा व्यापारी आपल्या भाषेत उत्तम लिहू-वाचू शकत होता, एवढे स्मरण इतिहासाच्या अभ्यासकाने ठेवले पाहिजे.