लार्सची लेक 'मुलगा' कशी झाली?

वर्गात हजेरी घेताना मुलांना नावाचा अर्थ विचारायची माझी जुनी सवय आहे. उर्दूच्या तासाला इल्यास, नूह, याकूब या नावांचा विषय निघाला, तेव्हा मी सांगितले की हीच नावे स्वीडनमध्ये एलियास, नोआ आणि याकोब म्हणून ठेवतात. मुलांना मोठे नवल वाटले. मग मीही स्वीडनच्या नावांच्या मागे लागलो.

त्यांची जुनी नावे साधी आहेत. स्वेन म्हणजे तरुण मुलगा, ब्यर्न म्हणजे अस्वल, सागा म्हणजे कथा. लिनेआ हे मुलींचे लाडके नाव एका नाजूक रानफुलावरून आले. त्या फुलाला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस (जन्म 1707) यांचे नाव मिळाले आहे. गंमत म्हणजे लिनियस हे आडनावही झाडाचेच. कार्लचे वडील निल्स इंगेमार्सन यांना विद्यापीठात आडनाव हवे होते. त्यांनी घरच्या जमिनीवरच्या लिंडन वृक्षावरून ते घेतले.

कारण सामान्य माणसाला तिथे आडनावच नसे. लार्सचा मुलगा लार्सन, मुलगी लार्सडॉटर. पुढच्या पिढीत ओळख पुन्हा बदले. 1686 च्या चर्च कायद्याने पाद्रींना गावाच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या. त्यांतही मुलगी वडिलांची लेक म्हणूनच नोंदली जाई आणि लग्नानंतरही बहुधा तीच ओळख राही. सैन्यात मात्र एकाच तुकडीत अनेक अँडर्स अँडरसन निघत. म्हणून शिपायांना छोटी नावे दिली जात: रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे शूर, स्वेर्ड म्हणजे तलवार.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, तशी कायमची आडनावे धरायची रीत पसरली. 1901 च्या कायद्याने तिला बळ दिले. अडचण इथेच झाली. घराण्याचे आडनाव एकदा लार्सन ठरले की घरात जन्मलेली अन्नासुद्धा अन्ना लार्सन. म्हणजे शब्दशः 'लार्सचा मुलगा'! कोणाला वाईट करायचे नव्हते, नोंदी सोप्या करायच्या होत्या. पण त्या सोयीत 'डॉटर' हा शब्द कागदावरून जवळजवळ पुसला गेला. शेजारच्या आइसलँडने मात्र जुनी रीत आजही टिकवली आहे. स्वीडनच्या 2017 च्या नव्या कायद्यानुसार आई किंवा वडील यांच्या नावाला 'डॉटर' जोडून आडनाव घेता येते.

हे वाचताना मला आपली 'बिन्ते' आठवली. हजरत आयशा निकाहनंतरही आयशा बिन्ते अबूबकरच राहिल्या. आपल्याकडे निकाहनाम्यात आजही मुलीचे नाव वडिलांच्या नावासह 'बिन्ते' लावून लिहितात. पण तोच कागद हातात घेऊन ती सासरी गेली की शिधापत्रिकेवर नवऱ्याचे नाव, आधारवर नवऱ्याचे आडनाव. माझ्या अम्मीचेही असेच झाले. तिच्या वालिदांचे नाव आज फक्त त्या पिवळ्या पडलेल्या निकाहनाम्यात उरले आहे.

मित्रहो, दोष कोणाला द्यायचा नाही. पण मुलीसाठी नाव शोधताना आपण त्याचे मानी दहा जणांना विचारतो. ते नाव पुढे कोणाच्या नावाशी जोडलेले राहील, हे तिला विचारतो का? गेल्या आठवड्यात मी माझ्या लेकीला विचारले. ती म्हणाली, "अब्बा, आधी अम्मीचेही नाव लावू द्या, मग बोलू."