मुक्ती मिशन

मुक्ती मिशन ही पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील ख्रिस्ती सेवासंस्था आहे. विधवा, अनाथ, अंध व समाजाने दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ती स्थापन केली.

पार्श्वभूमी

रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळातील उपासमारीने वारले. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. पुढे इंग्लंडमध्ये, फुलहॅम येथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची धर्मभगिनी आपुलकीने सेवा करीत असल्याचे त्यांनी पाहिले. या सेवेमागील प्रेरणा म्हणून त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शारदा सदन

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन हे विधवांचे विद्यालय पुढील वर्षी पुण्यास हलले. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये ‘केसरी’तून टीका झाली. न्या. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतजमिनीवर करण्यात आली. १९०० पर्यंत तेथे सुमारे १,५०० जणींना आश्रय मिळाला. ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले, तर कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. शेती, विणकाम व छपाई ही कामे रहिवासी स्त्रियाच करीत. सामान्य स्त्रियांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद याच छापखान्यात छापला गेला.