उटणे, कांती आणि गोरेपणा : मावळाच्या संदर्भात एका घरगुती उपचाराचा इतिहास

१

घरच्या घरी तयार केलेल्या लेपांनी चेहऱ्याचा वर्ण उजळविण्याचा प्रघात महाराष्ट्रात आज सर्वत्र आढळतो. त्याच्या उगमाविषयी दोन मते रूढ आहेत. एका मतानुसार हा प्रघात आयुर्वेदाइतका जुना, आणि म्हणूनच निर्धोक आहे. दुसऱ्या मतानुसार गोऱ्या वर्णाची आवड ही इंग्रजी अमदानीची देणगी असून तत्पूर्वी आपल्या समाजास तिचा स्पर्शही नव्हता. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही मते अपुरी ठरतात. जुने उटणे आणि आजचा लेप यांतील द्रव्ये बऱ्याच अंशी समान आहेत. प्रयोजन मात्र एक नाही. प्रयोजन पालटले, परंतु जुन्या नावाभोवतीचा विश्वास तसाच राहिला. या उपचारांपासून होणाऱ्या अपायांचे मूळ बव्हंशी या विश्वासाच्या स्थलांतरात आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी मावळ व लोणावळा हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. भातशेतीत राबणारा कुणबी समाज, इंद्रायणीकाठची वारकरी परंपरा आणि लोहमार्गाबरोबर आलेली गोऱ्या अधिकाऱ्यांची वसाहत, हे तीन भिन्न संस्कार येथे अवघ्या काही कोसांच्या अंतरात एकत्र आले.

२

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांचे मुख्य पीक भात. आवणीच्या दिवसांत पाठीवर इरले घेऊन चिखलात वाकलेली, आणि पाऊस ओसरल्यावर आश्विनाच्या कडक उन्हात कापणीला उभी राहिलेली स्त्री हे येथील जुने दृश्य आहे. अशा स्त्रीचा चेहरा व हात उन्हाने काळवंडतात. वस्त्राखालचे अंग मात्र मूळ वर्णाचे राहते. या फरकासाठी मराठीने एक नेमका शब्द घडविला आहे : ‘रापणे’. ‘रापलेला चेहरा’ आणि ‘काळा चेहरा’ हे मराठी कानाला एक वाटत नाहीत. पहिला शब्द ऊन, वारा व श्रम यांचा परिणाम सांगतो, तर दुसरा जन्मजात वर्ण सांगतो.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे उटण्याचे जुने कार्य स्पष्ट होते. ‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ अंगास चोळणे, मर्दन करणे असा आहे. त्यात रंगाचा निर्देश नाही. अष्टांगहृदयात उद्वर्तनाचे जे गुण सांगितले आहेत ते कफ व मेद कमी करणे, अवयवांना स्थैर्य आणणे आणि त्वचा प्रसन्न करणे असे आहेत. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, हळद, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, दुधाची साय ही त्याची द्रव्ये. साबण घरोघर पोचण्यापूर्वी तेल लावलेले अंग स्वच्छ करण्याचे हेच साधन होते. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, बाळंतिणीचे व तान्ह्या मुलाचे न्हाणे, आणि लग्नातील हळद या प्रसंगी ते शुद्धीचे व मांगल्याचे चिन्ह बनले. वधूबरोबर वरालाही हळद लागते, आणि नवरदेव सावळा असो वा गोरा, हळद चुकत नाही, यावरूनही हा विधी गोरेपणासाठी नव्हता हे उघड होते.

आधुनिक त्वचाविज्ञानही या अनुभवास दुजोरा देते. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर सतत गळत असतो, आणि बाह्यत्वचेचे नूतनीकरण साधारणतः चार आठवड्यांत होते. चोळण्याने हा थर, मळ व तेलकटपणा निघतो, अंग तुकतुकीत दिसते. उन्हात जाणे थांबल्यास रापलेपणही हळूहळू ओसरते. याच्या पलीकडे उटणे जात नाही. जन्मजात वर्ण ठरतो तो त्वचेतील रंजककण किती, केवढे व कसे विखुरलेले आहेत यांवर. पिठाच्या मर्दनाचा तेथपर्यंत प्रवेश नाही.

३

मग ‘वर्ण्य’ औषधांचे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. चरकसंहितेत चंदन, पद्मक, उशीर, मंजिष्ठा, सारिवा इत्यादी दहा द्रव्यांचा ‘वर्ण्य’ म्हणून एक गण सांगितला आहे, आणि आजच्या जाहिरातींत त्याचा अर्थ ‘गोरे करणारी’ असा सर्रास केला जातो. तथापि त्याच संहितेच्या इंद्रियस्थानात शरीराच्या प्राकृत वर्णांची गणना आहे, आणि तीत कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात हे चारही वर्ण स्वाभाविक मानले आहेत. उलट नील, श्याव, ताम्र, हरित यांच्याबरोबर शुक्ल म्हणजे पांढरा वर्ण हा विकृतीच्या यादीत येतो. तेव्हा ‘वर्ण्य’ याचा अर्थ ज्याचा जो वर्ण त्यास निरोगी तेज देणारे, असाच घ्यावा लागतो. मराठी भाषेनेही हाच विवेक जपला आहे. माणूस भ्याला वा आजारी पडला की ‘पांढराफटक’ पडतो. सुंदर माणसास कोणी ‘पांढरा’ म्हणत नाही.

अर्थात प्राचीन समाज वर्णभेदाविषयी उदासीन होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मण ओळखण्याच्या खुणांत गौर वर्णाचा उल्लेख येतो. परंतु महाभारतात द्रौपदीचे नाव ‘कृष्णा’ आहे, आणि मेघदूतातील यक्षपत्नीला कवीने ‘श्यामा’ म्हटले आहे. टीकाकार मल्लिनाथ या शब्दाचा अर्थ ‘तरुणी’ असा करतो हेही येथे नोंदविले पाहिजे. दोन्ही प्रवाह नांदत होते, इतकेच यावरून सिद्ध होते.

मावळच्या परिसरात दुसऱ्या प्रवाहास मोठे बळ मिळाले. तुकोबांचे देहू इंद्रायणीच्या काठी, आणि त्यांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर मावळच्याच हद्दीत आहे. वारकऱ्यांचा विठ्ठल सावळा आहे, आणि ‘सावळा’ हा शब्द (संस्कृत ‘श्यामल’) या परंपरेत लाडाचा झाला. जुन्या मराठीत सौंदर्यवाचक असलेला ‘गोमटा’ हा शब्दही मुळात चांगला, देखणा इतकेच सांगतो. पुढे ‘गोरीगोमटी’ असा जोडशब्द रूढ झाला, आणि देखणेपणा गोरेपणास जणू कायमचा बांधला गेला. देवाच्या बाबतीत गोड वाटणारा ‘सावळा’ हा शब्द मुलीच्या बाबतीत मात्र उणेपणाचा ठरतो, ही विसंगती मराठी घराने फारशी खळखळ न करता पचविली आहे.

४

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, आणि लोणावळ्याचे रूप पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व कॅथलिक प्रार्थनामंदिरे तेथे उभी राहिली. खंडाळा-लोणावळ्याच्या थंड हवेसाठी मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले उठले. या काळात ‘गोरा’ हे विशेषण नाम बनले : गोरा म्हणजे युरोपियन, गोरा शिपाई, गोरा साहेब. एका शब्दात वर्ण आणि सत्ता यांची सांगड पडली. उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा हा भेद मावळात पूर्वीही होता. आता त्यास वंशाची जोड मिळाली.

तथापि सत्तेने आवड निर्माण केली तरी साधन पुरविले ते बाजाराने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ निघाले, आणि ‘स्नो’ हा शब्द मराठीत इतका रुळला की ‘स्नो-पावडर’ हा नट्टापट्ट्याचा पर्याय झाला. मुंबईत डबे पोचविणारे बहुसंख्य लोक मावळ, खेड व जुन्नर या भागांतले. शहराची चालरीत मावळच्या खेड्यांत पोचण्यास असे अनेक मार्ग होते. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. गोरेपणा ही आठवड्यांच्या हिशेबाने मिळविता येणारी वस्तू आहे, ही कल्पना या जाहिरातींनी घरोघर पोचविली. २०२० मध्ये या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ असे झाले. शब्दाचा प्रवास गोरेपणापासून पुन्हा कांतीकडे झाला खरा. परंतु मधल्या पंचेचाळीस वर्षांत ‘कांती’चाच अर्थ ‘गोरेपणा’ होऊन बसला होता. ‘उजळ’ या शब्दाचे असेच झाले. ‘उज्ज्वल’पासून आलेला, ‘उजळ माथ्याने’ या प्रयोगात निष्कलंकपणा सांगणारा हा शब्द आज वर्णाची प्रत सांगतो.

५

या उपचारांमागील हेतू केवळ हौसेचा मानणे अन्यायाचे होईल. स्थळे सुचविताना जी वर्णमाला वापरली जाते ती पाहावी : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. ‘काळी’ हा शब्द स्वतःच्या मुलीसाठी कोणी लिहीत नाही. दुसऱ्याच्या मुलीविषयी ‘काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ असे म्हटले जाते, आणि या वाक्यातील ‘पण’ सर्व काही सांगून जातो. हुंडा घेण्यास १९६१ च्या कायद्याने बंदी झाली. तरी मुलीच्या रंगातील कथित उणीव पैशाने वा दागिन्यांनी भरून काढण्याचा व्यवहार संपला नाही. ज्या घरात सोने देण्याची ऐपत नाही, तेथे लिंबू आणि बेसन हा स्वस्त मार्ग उरतो. म्हणजे हा लेप सौंदर्यप्रसाधन असण्यापूर्वी एक आर्थिक तजवीज असतो. नोकरीच्या ठिकाणी ‘स्मार्ट’ दिसण्याची अपेक्षा आणि पुरुषांसाठी निघालेली स्वतंत्र मलमे यांमुळे अलीकडे मुलगेही या कक्षेत आले आहेत.

बाजारी वस्तूंविषयीचा संशय हा दुसरा हेतू. ‘घरचे आहे, त्यात रसायन नाही’ या वाक्याचा आधार उटण्याच्या शतकांच्या अनुभवात आहे. परंतु तो अनुभव चोळून धुऊन टाकण्याचा होता. रंग घालविण्यासाठी रोज, तासन्‌तास लेप ठेवण्याचा नव्हता.

६

अपायांची दोन कुळे स्पष्टपणे वेगळी केली पाहिजेत. पहिले कूळ स्वयंपाकघरातले. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा सुमारे २, तर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या वर असतो. दोन्ही त्वचेच्या रक्षक थरास बाधक आहेत. कागदी लिंबात असलेले सोरालेन वर्गातील पदार्थ त्वचेवर राहून त्यांवर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. याच वर्गाचे द्रव्य बावचीत असल्यामुळे वैद्य तिचा उपयोग पांढऱ्या कोडावर, म्हणजे रंग आणण्यासाठी करतात. सकाळी लिंबू चोळून खाचरात वा रस्त्यावर उन्हात जाणारी मुलगी नकळत स्वतःच्या हेतूच्या विरुद्ध उपचार करीत असते. शिवाय आपल्याकडील सावळ्या-गव्हाळ त्वचेचा एक धर्म असा की, कोणताही दाह शमताना मागे काळसरपणा ठेवतो. डाग पडला म्हणून लेप वाढवावा आणि लेप वाढला म्हणून डाग वाढावा, असे हे चक्र आहे.

दुसरे कूळ अधिक घातक आहे. येथे ‘घरगुती’ याचा अर्थ घरी वा शेजारच्या सौंदर्यगृहात कालवलेले, नाव-घटक नसलेले मलम. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइड व हायड्रोक्विनोनची नळी त्यात मिसळलेली असते. आरंभी चेहरा खरोखर उजळतो, आणि विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, मुरुम व लव येते, आणि मलम थांबविताच आग होऊ लागल्याने ते सोडणे कठीण जाते. भारतातील १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडची मलमे वापरीत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ औषधांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री बंद केली.

पारा हा याच कुळातला. रंजकद्रव्य घडविणाऱ्या विकराचे कार्य तो रोखतो, म्हणून गुण लवकर दिसतो. परंतु तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांवर आघात करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांतील १५ जणांत एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरली होती. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना असे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडविकार जडल्याचे आणि त्या मलमात मुंबईतील तपासणीत मोठ्या प्रमाणात पारा सापडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मलम एक आणि लावणाऱ्या तिघी, यावरून अशी वस्तू घरात आईकडून मुलीकडे, बहिणीकडून बहिणीकडे उटण्याच्याच वाटेने जाते हे दिसते.

७

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. जुन्या व्यवहारात तीन गोष्टी पृथक् होत्या : रापलेपण, जे जाते, कांती, जी स्वच्छतेने व आरोग्याने येते, आणि वर्ण, जो जन्माचा असतो. भाषेत त्यांना स्वतंत्र शब्द होते, आणि उटण्याचा अधिकार पहिल्या दोहोंपुरता मर्यादित होता. सत्ता, विवाहाचा बाजार आणि जाहिरात यांनी हे तीन अर्थ ‘उजळपणा’ या एका शब्दात कोंबले. त्यामुळे जे जात नाही ते घालविण्यासाठी उटण्याच्या डब्यात प्रथम लिंबू, मग सोडा आणि शेवटी पारा आला. मलमांवर निर्बंध घालणे आवश्यकच आहे. पण ज्या वाक्यातील ‘पण’ मुलीला त्या मलमापर्यंत नेतो, ते वाक्य घराघरांत उच्चारले जाते तोवर निर्बंध अपुरे पडतील. मावळातील स्त्रीचा चेहरा रापलेला आहे, असे म्हणण्याची सोय मराठीत होती आणि आहे. त्या शब्दात श्रमाची नोंद आहे, दोषाची नाही. तो भेद बोलण्यात पुन्हा रूढ झाला, तर उटण्यालाही त्याचे मूळचे, निरुपद्रवी स्थान परत मिळेल.